१५० एएच, सी-२०, ९०० व्हीए: इन्व्हर्टर आणि बॅटरीवरचे आकडे कसे वाचायचे?

गुहागरकर_८

गावच्या घरासाठी इन्व्हर्टर घ्यायचा आहे. पावसाळ्यात लाइट एकदा गेली की चार-पाच तास येत नाही. दुकानातून दोन कोटेशनं आली आहेत. इन्व्हर्टर दोन्हीत एकच आहे, ९०० व्हीए, १२ व्होल्ट, साइन वेव्ह. बॅटऱ्या मात्र वेगळ्या:

अ) ट्युब्युलर, १२ व्होल्ट १५० एएच, सी-२०
ब) ‘सोलर’ ट्युब्युलर, १२ व्होल्ट १५० एएच, सी-१० (ही महाग आहे आणि वजनालाही जास्त)

चालवायचं ते असं: साधे पंखे ३ (प्रत्येकी ७५ वॅट), एलईडी बल्ब ६ (९ वॅट), राउटर ११ वॅट, टीव्ही ८० वॅट, मोबाइलचे दोन चार्जर मिळून ३० वॅट. एकूण ४०० वॅट होतात.

माझा हिशेब असा: १५० × १२ = १८००, भागिले ४०० = साडेचार तास. दुकानदारही साडेचारच म्हणाला. पण याच बॅटरीवर एवढ्याच लोडला तीन तासही निघत नाहीत, असं दोघा-तिघांकडून ऐकलं. मग चूक कुठे आहे? दोन्ही बॅटऱ्या १५० एएचच्याच असतील तर ‘ब’चे जादा पैसे कशाचे? आणि ९०० व्हीएवर फ्रिज चालेल का?

शाळेतलं व्होल्ट-अँपिअर आठवतंय, त्यापुढचं नाही. जरा मुळापासून सांगा.

---

तांब्याची_तार

तुमचा गुणाकार-भागाकार बरोबर आहे. गडबड आहे ती १५० या आकड्याच्या अर्थात.

आधी चार शब्द. व्होल्ट म्हणजे वीज ज्या दाबाने ढकलली जाते तो दाब. अँपिअर म्हणजे या क्षणी तारेतून किती प्रवाह चालला आहे ते. दोन्हींचा गुणाकार म्हणजे वॅट, उपकरण त्या क्षणी किती वीज ओढतंय ते. वॅटला तासांनी गुणलं की वॅट-तास, म्हणजे एकूण किती वीज वापरली ते. १००० वॅट-तास म्हणजे महावितरणच्या बिलातलं एक युनिट. एएच हे अँपिअर-तास आहेत, त्यामुळे व्होल्ट माहीत असल्याशिवाय निव्वळ एएचवरून दोन बॅटऱ्यांची तुलना करता येत नाही. तुमची बॅटरी कागदोपत्री १८०० वॅट-तासांची, म्हणजे १.८ युनिटची.

आता मुख्य मुद्दा. ‘१५० एएच, सी-२०’ याचा अर्थ: ही बॅटरी २० तासांत रिकामी होईल इतक्या सावकाश वापरली, तर १५० एएच देईल. १५० भागिले २० म्हणजे ७.५ अँपिअर. २७ अंश तापमानाला ७.५ अँपिअर सलग २० तास काढायचे आणि व्होल्टेज १०.५ ला आलं की थांबायचं, अशी ती मोजणी असते. ७.५ अँपिअर म्हणजे जेमतेम ९० वॅट. घरात एवढ्या लोडवर कोण थांबतो?

तुमचं खरं लोड बघा. पंखे-टीव्ही मिळून ४०० वॅट, पण इन्व्हर्टर स्वतः १५ टक्क्यांच्या आसपास खातो. ४०० ÷ ०.८५ = ४७०, भागिले १२ म्हणजे बॅटरीतून ३९ अँपिअर. म्हणजे कंपनीने ज्या प्रवाहावर मोजलं त्याच्या पाचपटीहून जास्त.

लेड-ॲसिड, म्हणजे शिसं आणि ॲसिडच्या बॅटरीतून (ट्युब्युलर हा तिचाच, नळीदार प्लेटचा प्रकार) प्रवाह जितका जास्त ओढाल तितके तिच्यातून मिळणारे एएच कमी होतात. प्लेटच्या आतल्या भागात ॲसिड झिरपत पोहोचायला वेळ लागतो. प्रवाह जास्त असला की प्लेटजवळचं ॲसिड आधीच पातळ होतं, व्होल्टेज पडतं आणि आत माल शिल्लक असतानाच इन्व्हर्टर ‘लो बॅटरी’ म्हणून बंद होतो. उन्हाळ्यातल्या विहिरीसारखं आहे हे. मोठी मोटार लावली की पाणी झरझर खाली जातं, मोटार थांबवली की पाझरून थोडं वर येतं. म्हणूनच कट झालेला इन्व्हर्टर अर्ध्या तासाने सुरू केला तर दहा-पंधरा मिनिटं पुन्हा चालतो.

याचा हिशेब पॉयकर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ मध्येच सूत्रात मांडला:

तास = २० × (७.५ ÷ तुमचे अँपिअर) चा १.२ वा घात

१.२ हा घातांक चांगल्या ट्युब्युलरसाठी धरला आहे, बॅटरी जुनी झाली की तो वाढतो. तुमच्यासाठी आकडे असे येतात:

४०० वॅट (३९ अँपिअर): सुमारे पावणेतीन तास
२०० वॅट (साडेएकोणीस अँपिअर): सुमारे सव्वासहा तास

लोड निम्मं केलं, पण वेळ दुपटीहून जास्त वाढला. साध्या भागाकारात हे दिसत नाही. म्हणजे तुम्ही ऐकलेले ‘तीन तासही नाहीत’ खरेच आहेत. दुकानदाराने खोटं सांगितलं असंही नाही, हा हिशेब सगळेच असा करतात.

आता ‘ब’. सी-१० म्हणजे १५० एएच मोजले ते १० तासांच्या वेगाने, १५ अँपिअरवर. परीक्षाच कडक. तुमची ‘अ’ बॅटरी १० तासांच्या वेगाने वापरली तर १२५ ते १३५ एएचच देईल. म्हणजे लेबलवर आकडा एक असला तरी ‘ब’ मध्ये माल जास्त आहे, वजनही त्याचंच. ४०० वॅटला ती तीन तास दहा मिनिटांच्या आसपास जाईल. फायदा साधारण पंचवीस मिनिटांचा. तेवढ्यासाठी किती जादा मोजायचे ते तुम्ही ठरवा. सोलर पॅनल लावायचा विचार नसेल तर त्या फरकाचे पैसे मी पंख्यांवर घालेन.

तीन साधे पंखे काढून ३० वॅटचे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटारीचे) लावा. लोड ४०० वरून २६५ वर येतं, बॅटरीतून २६ अँपिअर जातात आणि त्याच ‘अ’ बॅटरीवर बॅकअप मिळतो बरोब्बर साडेचार तास. टीव्ही बंद ठेवला तर सात तासांच्या जवळ. शिवाय लाइट असताना बिलातही वाचतं ते वेगळंच.

---

फेज_न्यूट्रल

व्हीएचं राहिलं.

व्हीए म्हणजेही व्होल्ट गुणिले अँपिअरच, पण एसीच्या बाजूला. डीसीमध्ये व्होल्ट × अँपिअर = वॅट इतकं सरळ असतं. एसीमध्ये मोटार किंवा स्वस्त अडॅप्टर जो प्रवाह ओढतात त्यातला सगळाच कामी येत नाही, काही भाग नुसता ये-जा करतो. तारा आणि इन्व्हर्टर यांना मात्र तो सगळा वाहावा लागतो. कामाचे वॅट भागिले व्हीए म्हणजे पॉवर फॅक्टर. घरगुती इन्व्हर्टरचा तो बहुतेक ०.७ ते ०.८ धरतात. ९०० × ०.८ = ७२० वॅट. मशीनच्या मागच्या पट्टीवर वॅट वेगळे छापलेले असले तर तोच आकडा धरा, खोक्यावरचा मोठा आकडा सोडून द्या.

आणि व्हीएचा बॅकअपच्या वेळेशी संबंध नाही. व्हीए सांगतो एका वेळी किती चालेल, एएच सांगतो किती वेळ चालेल. ‘११०० व्हीए घेतला तर जास्त वेळ चालेल का’ असं दर महिन्याला कोणीतरी इथे विचारतं. नाही. उलट मोठा इन्व्हर्टर रिकामा चालतानाही थोडी जास्त वीज खातो.

फ्रिज: चालताना १०० ते १५० वॅट, पण जुन्या पद्धतीचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर पाच-सहापट ओढतो. ४०० वॅट आधीच चालू असताना हा झटका आला की ९०० व्हीएचं मशीन ओव्हरलोड दाखवून बंद पडण्याची शक्यता बरीच. इन्व्हर्टर-कॉम्प्रेसरवाला फ्रिज हळूहळू वेग घेतो, त्याला अडचण येत नाही. पण तोही बॅटरी खाणारच. चार तास फ्रिज उघडला नाही तर आतलं काही बिघडत नाही, त्यामुळे तो इन्व्हर्टरच्या लाइनवर घेऊच नका.

विहिरीवरची अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटार: अर्धा एचपी म्हणजे ३७३ वॅट, हे खरं, पण ते शाफ्टवर मिळणारे. ती ओढते साडेपाचशे-सहाशे, आणि सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. या मशीनवर नाहीच.

---

गुहागरकर_८

हे कोणीच सांगितलं नव्हतं, आभार. सध्या शेजारच्या घरातली तसलीच ट्युब्युलर बॅटरी बघून घेतोय. लोड बंद करून मल्टीमीटर लावला तर १२.३ दाखवतो. नेटवरच्या तक्त्यात १२.७ म्हणजे फुल आणि १२.२ म्हणजे निम्मी असं आहे. म्हणजे ती निम्म्यावर आली का? आणि वरच्या झाकणांमधले लाल-पांढरे दांडे काय दाखवतात?

---

सेल_सहावा

तीन प्रश्न विचारतो, मग उत्तर. लोड बंद करून किती वेळ झाला होता? चार्जिंग बंद होतं का? मोजलं कुठे, बॅटरीच्या खांबावर (टर्मिनलवर) की केबलच्या टोकाला बसवलेल्या लगवर?

चार्जिंग चालू असताना मीटर १३.५ ते १४.४ दाखवेल, ते चार्जरचं व्होल्टेज झालं, बॅटरीचं नाही. चार्जिंग बंद केल्यावरही दोन-तीन तास व्होल्टेज फुगलेलं राहतं. लोड काढल्यावर उलट होतं, ते हळूहळू वर येतं. म्हणून चार्जर आणि लोड दोन्ही सोडून किमान चार तास, जमलं तर रात्रभर ठेवा आणि मग मोजा.

आता तो तक्ता. तो कारच्या बॅटरीचा आहे. फुल चार्जला कारच्या बॅटरीत ॲसिडची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या किती पट जड तो आकडा) १.२८० च्या आसपास असते, इन्व्हर्टरच्या ट्युब्युलरमध्ये १.२४० ते १.२५०. स्थिर व्होल्टेज ग्रॅव्हिटीवर ठरतं. ढोबळ नियम: एका सेलचं व्होल्टेज = ग्रॅव्हिटी + ०.८४. कारसाठी १.२८ + ०.८४ = २.१२, गुणिले सहा सेल = १२.७. ट्युब्युलरसाठी १.२५ + ०.८४ = २.०९, गुणिले सहा = १२.५४. म्हणजे तुमची ट्युब्युलर फुल असली तरी रात्रभराने १२.५ ते १२.६ च दाखवणार. १२.७ ची वाट बघत बसलात तर चांगली बॅटरी खराब ठरवाल. शांत बॅटरीचे १२.३ म्हणजे ती ७० टक्क्यांच्या आसपास असेल.

खरं कळतं ते ग्रॅव्हिटी मोजणाऱ्या हायड्रोमीटरने. काचेचा, रबरी फुग्याचा, स्वस्तात मिळतो. चष्मा, हातमोजे घाला. सहाही झाकणं एकेक करून उघडा, ॲसिड ओढा, तरंगणारा दांडा काचेला चिकटू देऊ नका, डोळ्याच्या पातळीवर आणून वाचा, ॲसिड त्याच सेलमध्ये परत सोडा. सहाही आकडे लिहून काढा.

सगळे १.२४० च्या पुढे: फुल.
सगळे सारखेच पण कमी, समजा १.१८०: चार्जिंग अपुरं झालंय, बॅटरीचा दोष नाही.
पाच १.२४० आणि एक १.१९०: तो सेल गेला. सर्वांत वरच्या आणि खालच्या आकड्यात ०.०३० पेक्षा जास्त फरक असेल तर संशय घ्यायचा. एक सेल पडला की पूर्ण बॅटरी त्याच्याबरोबर जाते, कारण सहाही सेल एकामागे एक जोडलेले असतात आणि सगळा प्रवाह त्या सेलमधूनच जातो.

गरम ॲसिड पातळ भासतं. २७ अंशांच्या वरच्या प्रत्येक अंशामागे ०.०००७ मिळवा. ३५ अंशांना १.२३४ वाचलं तर खरं १.२४०. डिस्टिल्ड वॉटर टाकल्या टाकल्या मोजू नका. पाणी वरच तरंगत राहतं आणि आकडा खोटाच कमी येतो. टाकल्यावर एक पूर्ण चार्जिंग होऊ द्या. आणि ग्रॅव्हिटी कमी दिसली म्हणून कोणी वरून ॲसिड ओतायला आला तर त्याला दारातूनच परत पाठवा. कमी झालेलं ॲसिड उडून गेलेलं नसतं, ते सल्फेट होऊन प्लेटवर बसलेलं असतं. चार्ज केलं की परत येतं. वरून ओतलं तर मीटर खूश होतो आणि प्लेट मरतात.

लाल-पांढरे दांडे फक्त पाण्याची पातळी दाखवतात. चार्जशी त्यांचा काही संबंध नाही.

---

फेज_न्यूट्रल

इन्व्हर्टरच्या डिस्प्लेवरच्या टक्क्यांवरही फार विसंबू नका. साधी मशीनं लोड चालू असतानाच्या व्होल्टेजवरून टक्के काढतात. पंखे लावले की ६०, बंद केले की ८५. मशीन बिघडलेलं नसतं.

---

तांब्याची_तार

मोजण्याचा विषय निघालाच आहे तर एक धोका सांगतो. मल्टीमीटरने व्होल्टेज मोजायला दोन टोकं बॅटरीच्या दोन खांबांना लावतात, ते ठीक. अँपिअर मोजायला तसं कधीही करू नका. लाल वायर १० अँपिअरच्या भोकात असताना टोकं खांबांना टेकवली की मीटर म्हणजे नुसती जाड तार झाली. शॉर्ट सर्किट, शेकडो अँपिअर, प्रोब वितळतो. ३९ अँपिअर मोजायला डीसी क्लॅम्प मीटर लागतो. विकत घेताना डब्यावर ‘डीसी अँपिअर’ लिहिलंय का बघा, स्वस्तातले बरेचसे फक्त एसी मोजतात आणि बॅटरीच्या केबलवर शून्य दाखवतात.

मल्टीमीटरचा एक फार उपयोगी वापर मात्र करा. पूर्ण लोड चालू ठेवा, मीटर डीसी मिलिव्होल्टवर, एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खांबावर आणि दुसरं त्याच खांबावर बसवलेल्या लगवर. पाच-दहा मिलिव्होल्ट आले तर जोड पक्का. ५० च्या वर गेले तर काढून, घासून, पुन्हा आवळा. जोडाचा रोध अवघा ०.०१ ओहम असला तरी ७० अँपिअरला ०.७ व्होल्ट तिथेच पडतात आणि ४९ वॅट उष्णता त्या टिचभर जागेत तयार होते. टर्मिनल वितळण्याच्या बऱ्याचशा तक्रारी इथल्याच. आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावा, आधी नको.

केबलचंही हेच. ७२० वॅट पूर्ण लोडला १२ व्होल्टवर ७० अँपिअर जातात. १६ चौरस मिलिमीटर तांब्याची केबल, जाऊन-येऊन दोन मीटर, तर तिच्यात ०.१५ व्होल्ट पडतात. तीच ६ चौरस मिलिमीटरची घेतली तर ०.४ व्होल्ट आणि २८ वॅटची उष्णता. बॅटरी गॅलरीत आणि इन्व्हर्टर हॉलमध्ये ठेवायचा हट्ट धरू नका. अंतर वाढवायचंच असेल तर २३० व्होल्टची बाजू वाढवा, तिथे प्रवाह तीन-चार अँपिअरचाच असतो.

---

गुहागरकर_८

पुढे दुसरी बॅटरी जोडायची झाली तर? आणि कारची बॅटरी ३५ एएचची असून स्टार्टरला २०० अँपिअर देते म्हणतात, ते कसं? लिथियमवालाही एक जण १०० एएचची द्यायला तयार आहे, पण १५० सोडून १०० कशाला घेऊ?

---

सेल_सहावा

दुसरी बॅटरी: सिरीज जोडली (एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला) तर २४ व्होल्ट १५० एएच, पॅरलल जोडली (प्लसला प्लस, मायनसला मायनस) तर १२ व्होल्ट ३०० एएच. वॅट-तास दोन्हीकडे ३६०० च. तुमचं मशीन १२ व्होल्टचं, म्हणजे पॅरलल हाच मार्ग. २४ व्होल्ट त्याला दिलेत तर मशीन जळेल. पॅरलल करताना इन्व्हर्टरचा प्लस एका बॅटरीवरून आणि मायनस दुसरीवरून घ्या, म्हणजे दोघींवर सारखा भार येतो. तीन वर्षं वापरलेलीला नवी जोडणं टाळा, जुनी नवीला खाते. आणि चार्जर बघा: १५० एएचला साधारण १५ अँपिअरचं चार्जिंग हवं, ३०० ला तोच चार्जर दुप्पट वेळ घेईल. रोज लाइट जाणार असेल तर ती जोडी कधी फुल होणारच नाही, आणि अर्धवट भरलेली बॅटरी सल्फेट होऊन लवकर जाते.

एकच बॅटरी असली तरी हिशेब लक्षात ठेवा. ४०० वॅटवर पूर्ण उतरलेली १५० एएच बॅटरी १५ अँपिअरने भरायला दहा-बारा तास लागतात. आणि पंख्यांना मिळालेल्या १.१ युनिटसाठी मीटरवर दोनच्या आसपास युनिट पडतात. बाकीची उष्णता आणि वायू होऊन जाते. त्या वायूत हायड्रोजन असतो, म्हणून बॅटरी देव्हाऱ्याखाली किंवा समई-गॅसजवळ ठेवू नका.

कारची बॅटरी: एएच म्हणजे साठा, किती वेगाने देता येईल याची मर्यादा वेगळी. २०० अँपिअर तीन सेकंद म्हणजे ६०० अँपिअर-सेकंद, भागिले ३६०० = ०.१७ एएच. ३५ मधले चिमूटभर. तेवढ्यासाठी तिच्या प्लेट पातळ आणि संख्येने जास्त असतात. तिच्या लेबलवर सीसीए असतो: उणे १८ अंशांना ३० सेकंद किती अँपिअर देईल आणि तरी ७.२ व्होल्टच्या खाली जाणार नाही तो आकडा. पातळ प्लेट रोज रिकाम्या केल्या की झडतात, म्हणून ती इन्व्हर्टरला लावू नका.

---

फेज_न्यूट्रल

लिथियमचं मी सांगतो, कारण ‘१५० सोडून १००’ हा हिशेब इथे चुकतो.

लिथियम आयर्न फॉस्फेटचा सेल ३.२ व्होल्टचा, चार सेल म्हणजे १२.८. गुणिले १०० = १२८० वॅट-तास. ३९ अँपिअर तिच्यासाठी काहीच नाही, इतक्या प्रवाहाला तिचे एएच जवळजवळ घटत नाहीत. १२८० × ०.८५ ÷ ४०० = २.७ तास. तुमच्या १५० एएच सी-२० ट्युब्युलरइतकंच! वजन मात्र १२-१३ किलो, ट्युब्युलर पन्नास किलोच्या वर. पाणी नाही, ग्रॅव्हिटी नाही.

विचारायचं ते दुकानदाराला हे विचारा. एक, इन्व्हर्टरमध्ये लिथियमची सेटिंग आहे का? लेड-ॲसिडच्या सेटिंगमध्ये काही मशीनं मधूनमधून इक्वलायझेशनसाठी (सगळे सेल सारखे भरावेत म्हणून) १५ व्होल्टच्या वर नेतात. लिथियमला १४.६ ही शेवटची मर्यादा, त्यापुढे आतलं बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारं संरक्षक सर्किट) बॅटरीचा जोड तोडतं आणि घरात अंधार. दोन, बीएमएस सलग किती अँपिअर देऊ देतं? तुम्हाला पूर्ण लोडला ७० लागतात, म्हणजे ५० चं चालणार नाही, १०० चं घ्या. तीन, बिलावर एएचबरोबर वॅट-तास लिहून घ्या. १२८० च्या जागी ९६० लिहायला लागला, तर आत ७५ एएचचे सेल आहेत.

लिथियमचं व्होल्टेज मधल्या मोठ्या भागात जवळपास सपाट राहतं. १३.२ दाखवताना ती ७० टक्के असू शकते किंवा ५० सुद्धा. तिथे मल्टीमीटरवरून अंदाज बांधू नका, बीएमएसचं ॲप किंवा शंटवाला (आत-बाहेर जाणारा प्रवाह मोजत राहणारा) मीटर लागतो.

---

गुहागरकर_८

ठरलं मग. ‘अ’ बॅटरी, तीन बीएलडीसी पंखे, फ्रिज बाहेर. केबल १६ चौरस मिलिमीटर तांब्याची कोटेशनमध्ये लिहून मागतो, आत्ता तिथे नुसतं ‘केबलसह’ एवढंच आहे.

---

तांब्याची_तार

बॅटरीवरचा महिना-वर्षाचा कोडही दुकानातच वाचून घ्या. लेड-ॲसिड नुसती पडून राहिली तरी महिन्याला थोडी थोडी उतरते. सहा महिने चार्ज न करता गोदामात राहिलेली बॅटरी ‘नवी’ म्हणून घरी येते आणि पहिल्या पावसाळ्यातच तक्रार सुरू होते. बसवल्या दिवशी लोड न लावता बारा तास पूर्ण चार्ज करा आणि सहाही सेलची ग्रॅव्हिटी वॉरंटी कार्डाच्या मागे लिहून ठेवा. पुढे वॉरंटीसाठी न्यायची वेळ आली तर ताडून बघायला ते आकडे हाताशी असतील.